मार्लिसला डॉक्टर हवाय

सत्तेचाळिसावा नकार वाचून झाल्यावर मार्लिस वोंद्रानं लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याकडं असं पाहिलं, की जणू सगळ्या नकारांवर सही त्याचीच होती.

ड्वेन शांतपणे टोस्टला लोणी लावत होता. "आता कोण उरलं?"

"जनावरांचा डॉक्टर."

"तो बरा माणूस आहे," ड्वेन म्हणाला.

मार्लिस बावीस वर्षं बेकर्स फोर्कच्या वृद्धाश्रमात नर्स होती. सहा वर्षांपूर्वी गावातला दवाखाना बंद पडला आणि तो पुन्हा उघडायला बाहेरून कुणी येणार नाही हे स्पष्ट झालं, तेव्हा तिनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं मनावर घेतलं. म्हणजे पेशंट आपणच तपासायचा, औषधही आपणच लिहून द्यायचं. दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास झाला, परीक्षा झाल्या. राहिलं होतं ते प्रत्यक्ष काम: एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली एकशे ऐंशी तास पेशंट तपासायचे. अशा माणसाला प्रिसेप्टर म्हणतात. युनिव्हर्सिटी पुस्तकं सुचवते, शुभेच्छा देते. प्रिसेप्टर मात्र ज्याचा त्यानं शोधायचा, असं तिनं महिन्यापूर्वी ई-मेलनं कळवलं होतं. शुक्रवारपर्यंत सही केलेला फॉर्म गेला नाही, तर वर्ष वाया.

"तू धान्याच्या गोदामावर कॉफीला जातोस ना," मार्लिस म्हणाली, "तिथं शब्द टाकून बघ. कुणाची भाची, कुणाची सून कुठल्या दवाखान्यात असेल."

"टाकतो," ड्वेन म्हणाला. ड्वेन गरजेपुरतंच बोलायचा, आणि त्याच्या मते गरज फारशी पडत नसे.

मंगळवारी सकाळी गोदामाच्या ऑफिसात नेहमीचे चार शेतकरी मक्यातल्या ओलीवर बोलत बसले होते. कॉफी संपत आल्यावर ड्वेन म्हणाला, "मार्लिसला डॉक्टर हवाय."

"कसला डॉक्टर?" एमिल कुचेरानं विचारलं. एमिल चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. लष्करातून सुटल्यापासून त्यानं डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं आणि ते तो अभिमानानं सांगायचा.

"कसलाही चालेल म्हणते."

सगळ्यांचे कप टेबलावर टेकले.

"इतकं झालंय?"

"सत्तेचाळीस जणांनी नाही म्हटलंय. शुक्रवारी कळेल."

"अरे देवा," एमिल हळूच म्हणाला. "आणि ड्वेन... किती वेळाचा प्रश्न आहे?"

"एकशे ऐंशी तास." ड्वेननं उठून कप विसळला, टोपी घातली. "जिद्दीची आहे पण."

तो गेल्यावर एमिलनं भिंतीवरच्या बियाणं कंपनीच्या कॅलेंडरवर बोट ठेवून हिशेब केला. एकशे ऐंशी तास म्हणजे साडेसात दिवस.

"पुढचा मंगळवार, संध्याकाळी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ऐन कापणीत."

मार्लिस दुपारी कामावरून घरी आली तेव्हा ओसरीवर तीन झाकलेली भांडी होती: बटाटा आणि हॅम, नूडल्स आणि चिकन, आणि खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, दोन डझन. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आम्ही आहोत.' तिचे डोळे भरून आले. प्रिसेप्टर मिळत नाही म्हणून शेजाऱ्यांनी जेवण पाठवावं, असं गाव दुसरीकडं असेल का?

पाठोपाठ व्हर्ना सोबोत्काबाई आल्या. चर्चमधल्या प्रार्थनेची फोनसाखळी त्यांच्या हातात होती, म्हणजे गावातली प्रत्येक बातमी त्यांच्या हातून जायची. आल्या आल्या त्यांनी मार्लिसला घट्ट धरलं.

"अगं, तुला कळलं तरी कधी?"

"महिना झाला. ई-मेल आला."

"ई-मेल!" व्हर्नाबाई किंचाळल्या. "असली गोष्ट ई-मेलनं कळवतात? फोन करायला हात मोडले होते?"

"त्यांच्याकडं माझ्यासारखे शेकडो आहेत हो. प्रत्येकाला कुठं फोन करणार?"

"आणि ड्वेन काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार! टोस्ट खात होता."

व्हर्नाबाईंनी डोळे मिटून घेतले. "पुरुषाची जात. बरं, तुझ्या मनाची काही तयारी?"

"केलीय. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वेळी, पुन्हा पहिल्यापासून."

व्हर्नाबाई खुर्चीत बसल्या. आयुष्यभर चर्चला जाणारी बाई शेवटी पुनर्जन्मावर आली होती. त्यांनी एक कोलाच उचलला, परत ठेवला, आणि घरी जाऊन फोनसाखळीला कामाला लावलं. तिची धाव या वेळी देवापाशी थांबली नाही. तीस मैलांवर जॉइस टीचेन नावाची नर्स प्रॅक्टिशनर एकटीनं दवाखाना चालवायची. बुधवारी दुपारपर्यंत तिथं एकवीस फोन गेले. मार्लिस वोंद्राला तपासा, लगेच तपासा, पाद्री स्वतः लाइनवर आहेत.

ही जॉइसबाई मार्लिसच्या यादीत अकरावी होती. तिचं उत्तर सर्वांत छोटं होतं: 'विद्यार्थी घेत नाही.' त्यामुळं बुधवारी संध्याकाळी तिच्या दवाखान्यातून "उद्या दहाला या" असा निरोप आला, तेव्हा मार्लिसनं फोन ठेवून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

गुरुवारी ती निळा कोट घालून, फाइल छातीशी धरून हजर झाली. रिसेप्शनवरच्या मुलीनं तिच्याकडं कमालीच्या मायेनं पाहिलं, तिला तपासणीच्या खोलीत नेलं आणि पाठीमागं नाड्या असलेला पेशंटचा झगा हातात दिला.

"हा घाला हं. घाई नाही."

मार्लिस गोंधळली. मग तिला वाटलं, ही परीक्षा असणार. पेशंटच्या जागी बसून कसं वाटतं, हे या बाईंना आधी दाखवायचं असेल. शुक्रवार एका दिवसावर आला होता. पोहायला सांगितलं असतं तरी तिनं उडी मारली असती. तिनं कोट काढून झगा चढवला.

जॉइसबाई आल्या, स्टूल ओढून समोर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. "बोला. कधीपासून चाललंय हे?"

"दोन वर्षांपासून."

"आणि सध्या?"

"शेवटचा टप्पा," मार्लिस उत्साहानं म्हणाली.

जॉइसबाईंनी क्षणभर खाली पाहिलं. "तुम्ही फार धीराच्या आहात. असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या सल्लागारांनी. सगळं उत्तम चाललंय म्हणाल्या, फक्त एकशे ऐंशी तास तेवढे हवेत. आठवड्याचे दोन दिवस दिलेत तरी डिसेंबरपर्यंत संपवते!"

जॉइसबाईंनी हात सोडला. "काय संपवता?"

मार्लिसनं फाइलमधून फॉर्म काढला. जॉइसबाईंनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"तू ती ई-मेलवाली!"

"हो."

"तुला काहीही झालेलं नाही?"

"मला? काय व्हायचंय?"

"पाद्री रडले माझ्यापाशी फोनवर!" जॉइसबाई उभ्या राहिल्या. "एका माणसानं मूत्रपिंड देऊ केलंय! आजाराचं नाव माहीत नाही, पण मूत्रपिंड घ्या म्हणतो!"

मार्लिसला ड्वेन आठवला, गोदाम आठवलं, चिठ्ठीतलं 'आम्ही आहोत' आठवलं, आणि तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "मी... माफ करा. जाते मी." ती मागं हात घालून झग्याच्या नाड्या सोडवू लागली. त्यांची निरगाठ बसली होती.

तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं दार उघडलं. "बाई, बाहेर नऊ जण आलेत. सगळे बेकर्स फोर्कचे. म्हणतात, मार्लिससारखी धडधाकट नर्स अशी जाते, तर आमचं काय? सगळ्यांना तपासून घ्यायचंय. त्यातला एक छाती चोळतोय आणि खुर्चीवरून उठायला तयार नाही."

जॉइसबाईंनी मार्लिसकडं पाहिलं. "नर्सचं लायसन्स चालू आहे ना? मग ब्लड प्रेशर घ्यायला युनिव्हर्सिटीला विचारावं लागत नाही. चल."

"झगा..."

"चल!"

छाती चोळणारा एमिल कुचेरा होता. झग्यातली मार्लिस समोर येताच त्यानं टोपी काढली. "पोरी, तू पडून राहायचं सोडून इथं काय करतेस?"

"तुझा दंड पुढं कर, एमिल."

"माझं काही नाही गं. तुझ्या विचारानं जरा धडधडतंय."

"माझ्या समाधानासाठी कर."

मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? एमिलनं बाही वर केली. आकडा बघून मार्लिसनं यंत्र जॉइसबाईंकडं फिरवलं. वरचं दोनशे बारा, खालचं एकशे सोळा. नऊ मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर चढताना एमिल हट्टाला पेटला, की मार्लिस म्हणत असेल तरच जाईन. "मी म्हणतेय," मार्लिस म्हणाली. मग तो गेला.

उरलेले आठ जण दोन वाजेपर्यंत उरकले. मार्लिसनं दोघांना मधुमेहाच्या तपासणीला लावलं, आणि एका बाईंकडून वर्षभर लपवलेली गाठ बोलता बोलता काढून घेतली. जॉइसबाई दारात उभ्या राहून ते ऐकत होत्या. ती गाठ पुढं तपासणीत साधी निघाली, पण त्या बाई आजवर त्याबद्दल कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"मी सदुसष्ट वर्षांची आहे," फॉर्मवर सही करताना जॉइसबाई म्हणाल्या. "मागचा विद्यार्थी दर तासाला सुट्टी मागायचा, म्हणून बंद केलं. सोमवारी सातला ये. आणि आजचे तास धरणार नाही मी."

"नका धरू," मार्लिस म्हणाली.

फॉर्म गुरुवारीच गेला. रविवारी मार्लिस चर्चमध्ये उभी राहिली आणि तिनं सगळं खरं सांगितलं: आजार नव्हताच, ड्वेन कमी बोलला, एवढंच झालं. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं. मग व्हर्नाबाई उठल्या.

"गुरुवारी तपासून घ्यायला गेली, गुरुवारीच बरी झाली," त्या म्हणाल्या. "विनय आहे पोरीचा, दुसरं काय."

टाळ्या थांबेनात. हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी बसवून घेऊन कालच घरी आलेला एमिल सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता. मार्लिसनं मदतीसाठी ड्वेनकडं पाहिलं. ड्वेन उठला, घसा साफ करून म्हणाला, "ठीक आहे ती," आणि खाली बसला.

दुपारी जॉइसबाईंचा फोन आला.

"उद्या तीस नावं लागलीत. तुझं गाव मला म्हणतंय, मी मेलेल्या माणसाला उठवलं. तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं हो. ऐकतच नाहीत."

"छत्तीस वर्षं दवाखाना चालवतेय मी," जॉइसबाई म्हणाल्या. "या तीसमधल्या एकोणीस जणांनी याआधी कुठल्याच दवाखान्यात पाय ठेवलेला नाही. तेव्हा असं कर. डिसेंबरपर्यंत काही सांगू नकोस."