दुसरं ताट

आमच्या बिल्डिंगमधला वामन परब लोकांच्या नव्या चपला स्वतःच्या पायांनी मुरवून द्यायचा. जोगेश्वरीला आमच्या तळमजल्यावर त्याच्या दाराशी खडूने लिहिलेली पाटीच होती: 'चपला मुरवून मिळतील. आठ नंबरपर्यंत.' तुमची करकरीत चप्पल घालून तो चार दिवस बाजार फिरणार, चावे स्वतः सोसणार, आणि पाचव्या दिवशी मऊ झालेली चप्पल तुमच्या दारात. त्याचा स्वतःचा पाय नऊ नंबरचा.

"अरे, मग सात नंबर कशाला घेतलास?" मी एकदा विचारलं.

"गिऱ्हाईक परत पाठवचा नाय, नाना," टाचेला हळद लावत तो म्हणाला. "जोडधंदो म्हणजे बसल्या जाग्यार पैसो!"

"फिरून फिरून फोड आलेत तुला. बसलास कधी?"

एका कंपनीच्या पॅकिंग खात्यातून तो निवृत्त झाला होता. लग्न केलं नव्हतं. जोडधंदा जोडायला मूळ धंदाही उरला नव्हता, तरी दर दोन महिन्यांनी पाटी बदलायची. मध्ये त्याने वाट बघण्याचा धंदा काढला. नवरा-बायको दोघं कामाला, मग सिलिंडर येणार, प्लंबर येणार, तर घरी थांबणार कोण? वामन. पण प्लंबर आलाच नाही, तर हा पैसे घ्यायचा नाही. "वाट बघलंय खरी, पण कोण इलोच नाय. अर्ध्या कामाचे पैसे कसले?"

सगळी नोकरी मी एकाच टेबलाशी बसून केली. असलं काही मला सात जन्मांत सुचलं नसतं. मी हसायचो, पण आतून थक्क व्हायचो.

त्याचा सगळ्यात मोठा धंदा म्हणजे गणपतीतली राखण. आमची निम्मी बिल्डिंग कोकणातली. चतुर्थीच्या आधी ती गावाला रिकामी होते. वामन जायचा नाही. गावचं घर आणि गणपती भावाच्या वाटणीला गेल्यापासून त्याला बोलावणं येत नव्हतं. कमरेला एकोणीस घरांच्या चाव्या बांधून तो जिने चढायचा, तो आवाज चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. तुळशीला पाणी, संध्याकाळी दिवा, एवढंच कबूल केलेलं. पण हा राणेंकडे रेडिओवर भजनं लावणार, घाडींकडे क्रिकेटची कॉमेंट्री.

"बंद घर आंबता, नाना. घराक वाटूक नये, माका टाकून गेले म्हणान."

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं, ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्याच वर्षी चैत्रात माझी बायको, सुलभा, गेली होती. गणपतीला वामनकडे चावी देऊन मी मुलाबरोबर गावी गेलो, पण कंबर धरली म्हणून दोन दिवस आधीच परतलो. भरदुपारी दार उघडलं, तर वामन माझ्या स्वयंपाकघरात जेवत बसला होता. आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं. आणि दोन ताटं मांडलेली.

मी जिन्यात येऊन ओरडलो. सगळे परतल्यावर सभा बोलावली. "चाव्या घेऊन हा लोकांच्या घरात पंगती मांडतो," मी म्हणालो. "दोन ताटं होती. दुसरं कोणाचं, विचारा त्याला!"

वामन एवढंच म्हणाला, "चुकला माझा." मग त्याने दोरीतून एकेक चावी सोडवून ज्याची त्याला दिली. त्यानंतर दारावर पाटी लागली नाही. सहा वर्षं.

दुसरं ताट कुठे होतं, ते मी सभेत सांगितलं नाही. ते सुलभाच्या फोटोसमोर होतं. बाजूला दिवा होता, फोटोला ताजा हार होता. दर गणपतीत गावाला निघण्याआधी ती त्याला काळ्या वाटाण्याचं सांबारं देऊन जायची. मी तिला बंद घरात ठेवून गावाला गेलो होतो, आणि तिला एकटीला जेवावं लागू नये म्हणून हा आला होता. मला लाज वाटली. ती मी त्याच्या अंगावर टाकली.

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी उभा राहिलो आणि हे सगळं बोललो. मागच्या खुर्चीवरून वामनचाच आवाज आला, "नाना, बस आता. चाय निवली तुझी."

गुडघ्यांमुळे यंदा गणपतीला माझं गावी जाणं बंद. तरी आज सकाळी घराची चावी घेऊन त्याच्या दाराशी गेलो.

"तू खंय चललंस?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. घरीच आहे."

"मगे चावी कित्याक?"

"तुला यायला."

त्याने चावी तळहातावर घेऊन उलटसुलट बघितली. मग आत गेला, जुनी दोरी शोधून आणली, चावी ओवून कमरेला बांधली.

"घरात माणूस असल्यार डबल चार्ज," तो म्हणाला. "आणि ताटा तीन मांडूची लागतली."