काचेला बोट

सुमनमावशी गाडीच्या हेडलाइटचा बल्ब बदलायला बसण्याआधी बोटांना खोबरेल तेल लावून घेत.

यातला वेडेपणा ज्यांच्या लक्षात आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या बल्बच्या काचेला साधं बोटसुद्धा लावायचं नसतं. बोटाचा ओशटपणा काचेवर राहतो, दिवा लागला की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो. म्हणून तो मागच्या पत्र्याला धरायचा, नाहीतर कागदात धरायचा. दुकानदार हे बजावून सांगतो, खोक्यावर चित्रही असतं. मावशी मात्र तेलाची वाटी घेऊनच बाहेर येत. बोटं बुडवत, बल्ब हातात घेत आणि लाडू वळावा तसा फिरवत. मी काही बोलायला गेलो की म्हणत, "मला कुटं काय कळतंय, दादा!"

लोणावळ्याजवळ वलवणला आम्ही भाड्याने राहायला आलो ते मावशींच्या समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, वैशाली घरीच शिवणकाम करते. दोन घरांच्या मध्ये एक टेम्पो कसाबसा जाईल एवढी गल्ली. पलीकडे पत्र्याची शेड, शेडखाली एक जुनी पांढरी व्हॅन. व्हॅनचं तोंड घराच्या खिडकीकडे, खिडकीच्या आत पलंग, आणि पलंगावर मावशींचे यजमान, नामदेवभाऊ.

भाऊंनी सगळं आयुष्य लोणावळ्यात टुरिस्टची गाडी चालवली. पावसाळ्यात इथे भरदुपारीही असं धुकं उतरतं की समोरून येणारी म्हैस अंगावर आल्यावर दिसते. अशा धुक्यातून ते लोकांना पॉइंट दाखवून आणत. मग एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. गाडी शेडखाली राहिली ती राहिलीच.

आल्या आल्या मी पेढे घेऊन ओळख करून द्यायला गेलो. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. माणूस तुसडा आहे, असं मी घरी येऊन वैशालीला सांगितलं. आठवडाभरात तिलाही ते पटलं, कारण समोरच्या घरातून मावशींचाच आवाज यायचा. "चहा देऊ?" "कूस बदलू?" "आज लय गारठा हाय, न्हाई?" प्रश्नामागून प्रश्न, आणि उत्तर एकाचंही नाही.

उत्तरं रविवारी मिळायची.

रविवारी सकाळी मावशी खिडकीचे दोन्ही दरवाजे सताड उघडत, भाऊंना उशीला टेकवून बसवत आणि व्हॅनपुढे बसकण मारत. हेडलाइटची काच पिवळट, धुरकट झालेली असे. काच म्हणायचं, असतं ते प्लास्टिकच. ते साफ करायची मावशींची रीत दर रविवारी वेगळी. एकदा लाल दंतमंजन चोळलं.

"भवाने!" खिडकीतून आवाज आला. मी दचकून चहा सांडला. "दात आलेत व्हय गाडीला!"

एकदा तव्याची काथ्याची घासणी घेतली. एकदा पॉलिश पेपर घेतला, पण कोरडाच, आणि खरवडायला लागल्या. खिडकीत भाऊंचा डावा हात गजांवर आपटायला लागला. "पानी! पानी मार, म्हशे! कोरडं घासतीया!"

"आं?" मावशी कानावर हात ठेवत. "काय म्हनताय?"

"पानी!"

"हां, पानी व्हय," म्हणून मावशी आत जात आणि प्यायच्या पाण्याचा तांब्या आणून भाऊंच्याच हातात देत. भाऊ तो खिडकीतून भिरकावत. तांब्या गल्लीभर वाजत जाई.

एकदा तर मावशींनी बल्ब असा काही दडपून बसवला की दिवा लावल्यावर उजेड समोर पडण्याऐवजी वर जांभळीच्या शेंड्यावर पडला. "माकडांना दिसाया नको?" मावशी म्हणाल्या. यावर भाऊंनी ज्या शिव्या दिल्या त्या मला इथे लिहिता येणार नाहीत. वैशालीने खिडकी लावून घेतली.

मला दोघांचाही राग येई. आठवडाभर मुका राहून रविवारी बायकोला सोलणारा नवरा, आणि सांगून सांगून तीच चूक करणारी बायको. कारखान्यातले पातळ रबरी हातमोजे मी त्यांना आणून दिले. "हे घाला म्हणजे काचेला बोट लागणार नाही," असं समजावलं. मावशींनी फार कौतुकाने ते ठेवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ते घालून हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. "हात जळत न्हाईत हो अजाबात," असं येऊन सांगूनही गेल्या. सोबत ठेचा होता.

एका सोमवारी माझी पहिली पाळी होती. लोकल गाठायला म्हणून मी फटफटताच बाहेर पडलो. धुकं गल्लीत जोत्यापर्यंत भरलेलं. शेडखाली व्हॅनचं बॉनेट उघडं होतं आणि मावशी वाकून काही करत होत्या. मी जवळ गेलो. हातात स्पिरिटचा बोळा होता आणि बल्ब होता. बल्ब वर्तमानपत्राच्या कपट्यात, मागच्या पत्र्याला धरलेला. त्यांनी कालचं तेल पुसून काढलं, बल्ब उजेडाकडे धरून बघितला, खाचा जुळवून अलगद बसवला, तार अडकवली. हेडलाइटच्या काचेच्या कडेने गाडीच्या रंगाला चिकटपट्टी लावलेली होती. काल कोरड्या कागदाने पाडलेल्या ओरखड्यांवर त्या आता बारीक पेपर पाण्यात बुडवून फिरवत होत्या, हलक्या हाताने, एकाच दिशेने.

"मावशी, तुम्हाला तर सगळं येतं!"

त्यांनी झटकन ओल्या हाताने माझं मनगट धरलं. "हळू बोला. जागं असत्यात."

मग मला शेडच्या मागे नेऊन, खिडकीकडे एक डोळा ठेवून, त्यांनी सांगितलं. झटका आला तेव्हा हात-पाय गेले, त्याबरोबर बोलणंही गेलं. शुद्ध होती, सगळं समजत होतं, पण शब्द तोंडात येईना. पाणी हवं असलं तरी 'पानी' म्हणता येत नव्हतं. मावशींचं नाव घेता येत नव्हतं. ओठ हलवून हलवून दमत आणि मग तोंड भिंतीकडे करत. तोंड वळवलं की रडत.

"डॉक्टर म्हनलं, आता आशा धरू नका. मग म्हनलं गाडी तरी इकू. गिऱ्हाईक येनार व्हतं. एक दिवा गेलता म्हनून मी नवा बल्ब लावाया बसले. नुकती न्हाऊन डोक्याला तेल लावलं व्हतं, तसाच हात. बल्ब धरला आन् पाठीमागनं आवाज आला, 'गधडे, काचेला बोट!'"

मावशींनी नाक पदराने पुसलं.

"मी चिखलात खालीच बसले, दादा. त्यांचं त्यांनाच भ्या वाटलं. तोंडावर हात ठिवला त्यांनी."

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं कधीकधी. मावशींच्या भाषेत सांगायचं तर, साधं बोलणं डोक्यात एका खोलीत असतं आणि रागाचं दुसऱ्या. एका खोलीचं दार लागलं, दुसरीचं किलकिलं राहिलं. मावशींनी गिऱ्हाईक परत पाठवलं.

"घरातलं कायबी बिघडवलं तर राग न्हाई येत त्यांना. भाकर करपवली, दूध उतू घालवलं. न्हाई. गाडीचंच लागतंय," त्या म्हणाल्या. "शिव्या का असंनात, आवाज त्यांचाच हाय की."

माझी लोकल चुकली. पाळीला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. त्या दिवशी ती मला फारशी लागली नाहीत.

त्यानंतर रविवारी मीही गल्लीत उतरायला लागलो. मी मावशींना चुकीचे सल्ले द्यायचो. "मावशी, रॉकेलने घासा." "मावशी, बल्ब जरा हातोडीने ठोका." पहिल्याच रविवारी खिडकीतून गर्जना झाली, "ए शहाण्या! निघ हितनं!" मी वर जाऊन वैशालीला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. मला शहाण्या म्हणाले, म्हणजे माझ्यासाठी एक नवा शब्द काढला. मावशींनी त्या दिवशी आम्हाला शेवयांची खीर पाठवली.

भाद्रपदात भाऊंना पुन्हा एक झटका आला. दवाखान्यातून आणलं तेव्हा ते आणखी लहान दिसत होते. पुढच्या रविवारी मावशींनी खिडकी उघडली, वाटीत तेल घेतलं, बल्ब वळला. बराच वेळ गेला. मग आतून नुसतं "काच..." एवढं आलं. त्याच्या पुढच्या रविवारी तेही अर्धंच.

मावशी जास्त जास्त चुका करायला लागल्या. ते बघवत नसे. उलटा बल्ब, सुलटा बल्ब, राख, विटेचा तुकडा. विटेच्या तुकड्याने काच खरवडताना त्या खिडकीकडे बघत राहत आणि विचारत, "बरोबर हाय का? असंच का? बोला की!" शेवटी तर मोठ्याने रडत विचारत होत्या आणि घासत होत्या. मी शेजारी उभा होतो. मला एकही चुकीचा सल्ला सुचला नाही.

भाऊ बघत होते. डावा हात त्यांनी गजांतून बाहेर काढला. आता आपटतील असं मला वाटलं. त्यांनी हात आपटला नाही. पंजा खालीवर हलवला, लहान मुलाला 'पुरे, ये आता' म्हणताना हलवतो तसा. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती. त्यांना हे सगळं किती दिवसांपासून ठाऊक होतं, ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. मावशींनी वीट खाली ठेवली, हात धुतले आणि आत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. मी घरी आलो.

दिवाळीच्या आधी भाऊ गेले.

व्हॅन मावशींच्या लेकीने सासरी, परंदवडीला न्यायची ठरवली, जावयाला भाजीच्या कामाला होईल म्हणून. न्यायच्या आदल्या दिवशी मावशींनी दोन्ही हेडलाइट साफ केले. चिकटपट्टी, पाणी, आधी जाड पेपर, मग बारीक, मग पॉलिश, आणि पुन्हा पिवळं पडू नये म्हणून वरून पारदर्शक थर. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. काच अशी झाली की आतला बल्ब मोकळ्यावर ठेवल्यासारखा दिसला. गल्लीत येणारे-जाणारे "वा मावशी" म्हणाले. मावशींनी मान वर केली नाही. खिडकी त्यांनी सकाळीच लावून घेतली होती.

गाडी गेल्यावर शेड मोकळी झाली. मावशी तिथे पाट टाकून बसायला लागल्या. वैशाली चहा घेऊन जाई, त्या पीत, कप धुऊन परत देत. लेकीकडे जायचं नाव काढत नव्हत्या. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

एका संध्याकाळी कप द्यायला त्या स्वतः आमच्या दारात आल्या आणि तिथेच घोटाळल्या.

"दादा, राग नका मानू, एक इचारू? तुमी दोगं कदी भांडत न्हाई व्हय?"

"का हो मावशी?"

"काय न्हाई. आवाज कसा तो येत न्हाई तुमच्या घरातनं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "भांडत जा अदनंमदनं. खिडकी उगडी ठिवून."

त्या गेल्यावर वैशालीने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग तिने उठून खिडकी उघडली. सुरुवात तिनेच केली, "आमटीत मीठ कुठे आहे म्हणे! स्वतः करून बघा एकदा!" मी म्हणालो, मी मिठाबद्दल काही बोललोच नव्हतो. ती म्हणाली, तेच तर, तुम्ही कधी काही बोलतच नाही. मला हसू आवरेना. तिलाही आवरेना. आम्ही तोंडं दाबून धरली आणि खिडकीतून खाली डोकावलो.

मावशी शेडमध्ये पाटावर बसल्या होत्या. मांडीवरच्या सुपात शेंगा होत्या, हात शेंगांवर तसेच थांबलेले, मान भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले. आवाज थांबलेला कळल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आमच्या खिडकीकडे बघितलं.

वैशालीने मला कोपराने ढोसलं. "बोला ना काहीतरी," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी घसा साफ केला आणि आवाज चढवला.