पाच पोरांचा सवाल

आमचे शेजारी गोविंदतात्या रोज सकाळी टेपरेकॉर्डरशी भांडायचे. मुलांनो, ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट; तुमच्यातलं कुणी तेव्हा जन्मलंही नव्हतं.

तात्यांचा मुलगा अनंता लोट्याच्या कारखान्यात फिटर होता. मुंबईच्या एजंटाने त्याला अल्जीरियात नोकरी लावून दिली. तिथून त्याने एक कॅसेट पाठवली. वेष्टनावर गाणाऱ्या पाच पोरांचा फोटो. आत डफ, लोखंडी झांजा, आणि त्यावर एकजण धाप लागेल इतक्या वेगाने बोलतोय. मला इंग्रजी येतं म्हणून तात्या अर्थ विचारायला आले. सगळं फ्रेंच. मला ‘रॅप’ एवढाच शब्द लागला.

तात्या म्हणाले, "रॅप कसला वहिनी, हा सवाल टाकतोय."

तात्या कोकणातल्या जाखडी नाचातले जुने शाहीर. जाखडीत एका बाजूने गाण्यात सवाल टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने गाण्यातच जबाब द्यायचा. गप्प बसला तो हरला. सवाल मुळात कळलेला नाही, हा तात्यांच्या मते किरकोळ मुद्दा होता. "दम घे मेल्या," असं त्या पोराला दटावून ते टेप थांबवत आणि वहीत कडवं लिहीत. कुणाला दाखवत मात्र नसत. जबाब आधी फोडायचा नसतो म्हणे.

पेपरात तिकडच्या कापाकापीच्या बातम्या येत होत्या. अनंताचा फोन दर रविवारी दहाला आमच्याकडे यायचा. दोन रविवार तो आला नाही.

तिसऱ्या रविवारी तात्या नऊलाच आले. टेप बारीक लावला, घंटी ऐकू यावी म्हणून. वही माझ्यापुढे सरकवली. "शुद्धलेखन तेवढं बघा."

मी लाल पेन्सिल घेऊन बसले. पहिल्याच पानावर होतं:

सवाल तुमचा कळला नाय, जबाब माझा ऐका,
पोर माझा तुमच्या गावी, नीट त्याला राखा.

पुढची सगळी पानं तशीच. तो जेवतो काय, त्याला ताप नाय ना, रात्री बाहेर सोडू नका. मी पेन्सिल खाली ठेवली.

साडेदहाला घंटी वाजली. तात्यांनी उभ्यानेच फोन घेतला. अनंताच होता, लाइन बंद पडली होती म्हणे. "हां. बरं. नाय रे, आमी कशाला काळजी करू," तात्या म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि ती पोरं बरी हायत ना? पाचीजण?"

तिकडून उत्तर येईपर्यंत ते खाली बसले नाहीत.