बिनतेलाचे डोके

मुलुंडच्या सुहासिनीबाई प्रधान यांच्या मागच्या पडवीतून तांब्याचा बंब चोरीला गेला आणि दुसऱ्याच दिवशी सापडला. एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण बंब नाल्याच्या कडेला सापडला तो दत्तारामला. दत्ताराम विक्रोळीच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने बंब खांद्यावर घेतला आणि सरळ पोलीस चौकीत नेऊन ठेवला. चोरीचा माल घेऊन माणूस आपल्या पायांनी चौकीत येतो, हे हवालदार गुणाजीने साऱ्या नोकरीत पाहिले नव्हते. जे कधी पाहिले नाही ते संशयास्पद, असा रिवाज असल्यामुळे त्याने दत्तारामला आत बसवले.

पुरावाही लगेच मिळाला. बंबाच्या तोटीत एक तांबूस, राठ केस अडकला होता. गुणाजीने तो पुडीत बांधला, पुडीवर 'केस, नग एक' असे लिहिले आणि घाटकोपरला सूक्ष्म पुरावा तपासणी शाखेकडे पाठवून दिला.

ही शाखा भाड्याच्या एका बंगल्यात होती. तिचे दोन विभाग होते, घन आणि द्रव. दारूबंदीमुळे उपनगरातली प्रत्येक संशयित बाटली द्रव विभागात यायची. जिन्यावर बाटल्या, न्हाणीघरात बाटल्या, साहेबांच्या टेबलाखाली बाटल्या. घन विभागात मात्र शांतता होती. तिथे विद्याधर टिपणीस एकटेच काळी टोपी घालून बसत आणि केस, धागे, माती, काच असले काही आले तर बघत.

टिपणीसांनी पुडी उघडली. सूक्ष्मदर्शकाची गरजच पडली नाही. गेल्या वर्षी बायको वारल्यापासून ते घरची भांडी स्वतः घासत होते. त्याआधी ही वस्तू त्यांना ओळखता आली नसती. आता रोज सकाळी तीच त्यांच्या नखांत अडकायची. त्यांनी अहवाल लिहिला: "पुडीतील वस्तू केस नसून नारळाचा काथ्या आहे. चिंच लावून बंब घासताना तो तोटीत अडकला असावा. म्हणजे तो बंब घासणाऱ्याचा आहे, चोरणाऱ्याचा नाही."

अहवाल शाखाप्रमुख धुरंधर साहेबांकडे गेला आणि पाठोपाठ टिपणीसांना बोलावणे आले.

"टिपणीस, पुडीवर काय लिहिलंय?"

"केस."

"आणि तुम्ही म्हणता केस नाही. केस म्हणजे काय, हे कुठं ठरलंय?"

"साहेब, केस म्हणजे आपला हा..." टिपणीसांनी साहेबांच्या डोक्याकडे बोट नेले आणि घाईने खाली घेतले. धुरंधर साहेबांचे डोके काशाच्या वाटीसारखे स्वच्छ होते.

"ही घरगुती भाषा झाली," साहेब म्हणाले. "उद्या कोर्टात वकील विचारील, कशावरून केस नाही? तेव्हा तुम्ही काय, भांडी घासून दाखवणार? आधी केसाचं प्रमाण पाहिजे, अधिकृत नमुना. प्रमाणाशी जुळला तर केस. नाही जुळला तर नाही. आता वजनंमापंसुद्धा बदलायला निघालीत, टिपणीस. देश कुठं चाललाय आणि आपण अजून डोळ्यांनी बघतोय."

महिन्याभरात प्रमाण समिती स्थापन झाली. अध्यक्षपद धुरंधर साहेबांकडेच आले. केसांच्या बाबतीत त्यांचा स्वतःचा काही हितसंबंध नव्हता, हे कुणालाही दिसत होते. समितीचा पहिला ठराव असा: प्रमाण केस हा नैसर्गिक असावा आणि त्याला कोणताही परका पदार्थ लागलेला नसावा.

ठराव एकमताने पास झाला आणि मग केस शोधायला सुरुवात झाली. शाखेतल्या सगळ्यांची डोकी भिंगाखाली तपासली. खोबरेल, खोबरेल, आवळेल, माका, पुन्हा खोबरेल. तपासणाऱ्याने स्वतःला तपासू नये असा नियम असल्यामुळे टिपणीसांच्या टोपीला कुणी हात लावला नाही. समिती बाहेर पडली. अंधेरीत न्हाव्यांकडे गेली, बोरिवलीला शाळामास्तरांकडे गेली, गोरेगावला स्टुडिओच्या फाटकाशी उभी राहिली. तिथल्या पोरांच्या केसांना तेल नव्हते, पण त्याऐवजी जे होते त्यात समितीला भिंगाखाली चिकटलेली माशी दिसली. एका सदस्याने शिकेकाईने धुवायची सूचना केली. पण शिकेकाई हाही परका पदार्थच. सूचना फेटाळली.

"रोज तेल लावल्याशिवाय या राज्यात एक माणूस राहत नाही?" साहेब हताश होऊन म्हणाले.

"एक राहतो साहेब," गुणाजी म्हणाला. तो दुसरे काही कागद घेऊन आला होता. "आपला दत्ताराम. लॉकअपात तेल कुठलं?"

खरे तर तेल आले होते. दत्तारामची बायको सुगंधा पहिल्याच आठवड्यात खोबरेलाची बाटली घेऊन फाटकाशी आली होती. पण बाटली म्हटल्यावर गुणाजीने दारूबंदी कायद्याखाली ती जप्त केली आणि तपासणीसाठी द्रव विभागात पाठवली. तेव्हापासून ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर आपल्या पाळीची वाट पाहत उभी होती.

दत्तारामला घाटकोपरला आणले. समितीने त्याचे डोके पाहिले. कोरडे, निर्मळ, जसे निसर्गाने दिले तसे. साहेबांना गहिवरून आले. तिथल्या तिथे दत्तारामचे डोके मुंबई राज्यासाठी प्रमाण म्हणून मंजूर झाले. मग टिपणीसांनी काथ्या त्याच्या केसाशी ताडून पाहिला आणि तीनपानी अहवाल दिला. वस्तू प्रमाणाशी जुळत नाही, सबब केस नाही, सबब दत्तारामविरुद्ध पुरावा नाही.

"निर्दोष सुटलास," गुणाजी दत्तारामला म्हणाला. "पेढे दे. पण हलू नकोस."

टिपणीस साहेबांकडे गेले. "मग आता त्याला सोडायचं ना?"

"कुणाला?"

"दत्तारामला."

"सोडला तर घरी जाऊन पहिलं काय करील तो?"

"तेल लावील."

"म्हणजे प्रमाण बिघडलं. प्रमाण बिघडलं की तुमची तुलना खोटी. तुलना खोटी पडली की हा पुन्हा चोर. टिपणीस, माणूस निर्दोष राहावा असं वाटत असेल तर त्याला इथंच ठेवला पाहिजे."

"साहेब, चार केस कापून ठेवू आणि त्याला जाऊ द्या."

"पॅरिसला मीटरची प्रमाण पट्टी आहे. तिचे तुकडे तोडून ठेवतात का?"

पॅरिसला टिपणीस कधी गेले नव्हते.

निर्दोष माणसाला कोठडीत ठेवता येत नाही, म्हणून दत्तारामची नोंद शाखेच्या सामानात झाली: टेबले, खुर्च्या, भिंगे, दत्ताराम. मागच्या खोलीत मच्छरदाणी लावून त्याला बसवले. ऊन नको, वारा नको, फणी तर मुळीच नको. बाहेरगावचे अधिकारी प्रमाण बघायला येत आणि मच्छरदाणीबाहेर चपला काढून उभे राहत.

"जेवण झकास आसा साहेब," तो टिपणीसांना म्हणे. "पण डोक्याक खाज येता आणि खाजवूक बंदी. मी चोर होतंय तेव्हा बरा होता. खाजवूक तरी गावायचा."

सुगंधा आठवड्यातून एकदा विक्रोळीहून चालत येई आणि घन विभागाच्या दारात उभी राही. "आमच्या ह्यांका कधी सोडतलात? संक्रांतीपर्यंत कामार इले नाय तर नाव कापतलो, असा मुकादम सांगता. पोरांका काय घालू मग?"

"प्रयत्न चालू आहे," टिपणीस म्हणत. मग आपण सरकारी उत्तर दिले हे लक्षात येऊन खाली बघत. प्रयत्न खरेच चालू होता. त्यांनी पाच अर्ज केले होते. पाचही समितीकडे गेले होते, आणि समिती 'भाग दुसरा: धागा' या विषयात गुंतली होती.

"माझी बाटली तरी देया," एकदा ती म्हणाली.

बाटली द्रव विभागाची होती आणि द्रव विभाग अजून गेल्या दिवाळीच्या बाटल्यांत होता. टिपणीसांचा तिथे अधिकार चालत नव्हता.

मग पौषातली थंडी पडली. घाटकोपरच्या टेकडीवरून सकाळी असा गारठा उतरला की जिन्यातल्या पायऱ्या पायाला चावायला लागल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी द्रव विभागाचे राजाध्यक्ष एक बाटली घेऊन टिपणीसांच्या टेबलाशी आले आणि त्यांनी ती उलटी धरली. आतून थेंबही पडला नाही. खोबरेल दगडासारखे गोठले होते.

"हे घन आहे," राजाध्यक्ष समाधानाने म्हणाले. "तुमच्याकडं ठेवा. माझी एक कमी झाली."

टिपणीसांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी घाई केली नव्हती. त्या दिवशी केली. अहवाल असा: "दारू गोठत नाही. हे गोठले आहे. सबब खोबरेल. मालकास परत करावे." घन विभागाची सही, घन विभागाचा शिक्का.

त्याच दुपारी सुगंधा आली तेव्हा त्यांनी बाटली तिच्या हातात दिली. "ही तुमची. कायद्यानं तुमची. आता तिचं काय करायचं हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही."

तिने बाटली अंगणात उन्हात ठेवली, तेल वितळेपर्यंत शेजारी बसून राहिली आणि आत जाऊन मच्छरदाणी वर केली. दत्तारामच्या डोक्यावर तेलाची धार पडली तेव्हा त्याने असा सुस्कारा सोडला की साहेब आपल्या खोलीतून धावत आले.

"प्रमाण!" साहेब म्हणाले, आणि खुर्ची नसल्यामुळे सुहासिनीबाईंच्या बंबावर बसले. समितीने चौकीतून पुरावा म्हणून आणवलेला बंब अजून तिथेच होता.

"बिघडलं साहेब," टिपणीस म्हणाले. "बिघडलेलं सामान नोंदीतून काढून मूळ मालकाच्या ताब्यात द्यावं, असा नियम आहे. मालक हजर आहे."

नियमापुढे साहेबांचा इलाज नव्हता. सुगंधाने पावतीवर अंगठा उठवला: 'दत्ताराम, नग एक, तेलकट स्थितीत मिळाला.'

पण साहेब असे हार मानणारे नव्हते. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि टिपणीसांवर थांबली. "टिपणीस, टोपी काढा."

टिपणीसांनी टोपी काढली. दर रविवारी आंघोळीआधी बायको त्यांना पाटावर बसवून डोक्यावर तेल थापायची. ते पेपर वाचत आणि कुरकुर करत. ती गेल्यापासून बाटली फडताळात तशीच होती, त्यांनी तिला हात लावला नव्हता. साहेबांनी भिंग लावले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "इतके दिवस आपल्याच घरात होतं प्रमाण! कारकुनाला बोलवा. ठराव लिहून घ्या."

सुगंधा दारातून मागे वळली होती. ती म्हणाली, "तुमच्या डोक्याक तेल घालूक घरात कोण नाय?"

"होती," टिपणीस म्हणाले.

कारकून दौतीत टाक बुडवत होता, तेवढ्यात तिने बाटलीतले उरलेले सगळे तेल त्यांच्या टाळूवर ओतले आणि तळव्याने चांगले थापले. टिपणीस मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. तेल डोळ्यांत गेले, अशी समितीच्या कागदपत्रांत नोंद आहे. दत्ताराम मात्र मोठ्याने हसला आणि दोन्ही हातांनी मनसोक्त डोके खाजवू लागला. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तो कामावर वेळेत पोहोचला, आणि त्याला पोहोचवायला घाटकोपरहून चालत आलेले टिपणीस बरोबर होते.

प्रमाणाची जागा अजून भरलेली नाही. ज्याला कसलाही लेप लागलेला नाही असा माणूस समिती शोधत आहे, आणि सापडला की मच्छरदाणीत ठेवणार आहे. हे वाचता वाचता तुमचा हात डोक्याकडे गेला असेल. बोटांना तेल लागले असेल तर निर्धास्त राहा. फक्त त्या बोटांनी, रस्त्यात सापडलेली दुसऱ्याची वस्तू उचलून चौकीत नेऊ नका. तशी तुमची सवय नाही, हे समितीला ठाऊक आहे. म्हणून तर ती अजून तुमच्या घरापर्यंत आलेली नाही.