वानखेडे काकांची वार्षिक मुदत

वानखेडे काकांशी असलेली माझी मैत्री दर एकतीस मार्चला आपोआप रद्द होते. पुढे चालू ठेवायची असेल तर त्यांच्या दारात जाऊन तशी मागणी करावी लागते, वर कारणही द्यावं लागतं.

काका मूळचे अकोल्याचे. केंद्राच्या हिशेब खात्यातून इथे चंदीगडलाच निवृत्त झाले आणि काकू गेल्यावरही आमच्या समोरच्या फ्लॅटमध्येच राहिले. सरकारी खर्च आटोक्यात आणायचा त्यांच्याकडे एकच उपाय आहे. वर्ष संपलं की प्रत्येक योजना, प्रत्येक खातं बंद. ज्याला हवं त्यानं शून्यापासून पटवून द्यावं. "अन् 'गेल्या साली होतं म्हणून' हे कारण नाई चालत, भाऊ!" दिल्लीला त्यांनी हे अनेकदा लिहून कळवलं. दिल्लीनं उत्तर न पाठवून टपालखर्च वाचवला, याचं त्यांना कौतुकच आहे.

चंदीगडवर तर त्यांचा खास राग. "एका गावात दोन राज्याईच्या राजधान्या, वरतून केंद्राचा कारभार! काहून? तिघाईले एका इमारतीतला एक जिना पुरते!" तलावावर फिरताना ते हे इतक्या मोठ्यानं सांगतात की समोरून येणारे निवृत्त सचिव वाट बदलतात.

दिल्ली ऐकेना, म्हणून काकांनी सुधारणा घरातच सुरू केली. टीव्ही गेला, सोफा गेला. पंखा मे महिन्यापर्यंत बंद. शेजारच्या सिद्धू आंटी पराठे घेऊन आल्या तर त्यांनाही दारातच "क्यों?"

"क्यों दा की मतलब? गरम ने जी, खा लो!"

हे कारण मात्र जागच्या जागी मंजूर झालं.

यंदा मार्चमध्ये मुलानं त्यांना कायमचं पुण्याला बोलावलं. काका मजल्यावरच्या प्रत्येक घरी सांगून आले, "माहा इथला मुक्काम एकतीसले रद्द होते. मागणी असन तं पाहू." सिद्धू आंटी म्हणाल्या, बेटे के पास जाओ, बहुत बढिया. मीही हसत हसत अभिनंदन केलं. काका तसेच वळले.

"अहो, ते निरोप घ्यायला नव्हते आले," बायको म्हणाली, "विचारायला आले होते."

एकतीसला संध्याकाळी गेलो. दार सताड उघडं. सोफा नसल्यामुळे काका बांधलेल्या बॅगेवरच बसले होते.

"जाऊ नका, काका."

"काहून?"

कारणं मी भरपूर जमवून नेली होती. तलावावरच्या फेऱ्या, गुडघ्यांचे इथले डॉक्टर, पुण्याची ट्रॅफिक. पण त्यांच्याकडे बघितलं आणि एकही आठवेना. या माणसाशिवाय मला करमणार नव्हतं, एवढंच खरं होतं.

"गेल्या वर्षी होतात म्हणून," मी म्हणालो.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"मंजूर," ते म्हणाले. "पण यंदापुरतंच, भाऊ."

मग उठले आणि पंखा लावला.