दोघींच्याही बाजूचे मास्तर

"एका गोळीने महायुद्ध होत नसतं!" श्टुटगार्टमधल्या आपल्या स्वयंपाकघरात ओटमारमास्तर भिंतीला समजावत होते. निवृत्तीनंतर दर मंगळवारी ते प्रौढांच्या वर्गात इतिहास शिकवत. उद्याचा विषय होता पहिल्या महायुद्धाची दूरची कारणं. गेल्या खेपेला तिघं आले होते, त्यातला एक नुसता थंडीमुळे आत शिरलेला. उद्या डझनभर डोकी जमली नाहीत तर वर्ग बंद, असं वर्ग चालवणाऱ्या शिक्षणकेंद्राने बजावलं होतं. बायको गेल्यापासून मास्तरांना बोलायला तेवढीच जागा उरली होती.

तेवढ्यात जिन्यात धडाम् आवाज झाला. वरच्या मजल्यावरच्या मांजराने फुलांची कुंडी खाली लोळवली होती. बिऱ्हाडांची जिना झाडायची पाळी दर सोमवारी बदलायची, आणि आज सोमवारच होता. जुनी पाळी संपली की नवी लागली, हेच ठरेना.

"मांजर तुमचं, माती तुम्ही काढा!" तळमजल्यावरून एर्नाबाई कडाडल्या.

"आठवडा तुमचा, झाडू तुम्ही धरा!" वरून ट्राउटेबाई.

भांडण जुनंच होतं. कोपऱ्यात धूळ राहते, असं एर्नाबाई कधीतरी बोलून गेल्या होत्या. त्यावर ट्राउटेबाईंनी ताठ केसांचा झाडू आणला. मग एर्नाबाईंनी व्हॅक्यूम क्लीनर, मग ट्राउटेबाईंनी चाकांची बादली. शेजारचा पाववाला सहकुटुंब एर्नाबाईंना सामील, समोरचा पोस्टमन ट्राउटेबाईंना. मधल्या मजल्यावरच्या मास्तरांनी मात्र दोघींनाही सांगून ठेवलं होतं, "मी तुमच्याच बाजूने."

"मास्तर, तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" दोघी एकदमच ओरडल्या.

मास्तरांची पाचावर धारण बसली. "बाई, कुंडी हे निमित्त. खरी कारणं जुनी असतात. उद्या वर्गात सविस्तर सांगणार आहे."

"म्हणजे हिची जुनी पापं बाहेर काढणार? मग मी येतेच. माझी माणसंही आणते!" एर्नाबाई गरजल्या.

"आणि आम्ही काय घरात बसून बटाटे सोलू?"

मंगळवारी वर्ग खचाखच भरला. दोन तट, मध्ये मोकळी वाट. शस्त्रस्पर्धेचा भाग आला तेव्हा कोणीतरी "बादली!" म्हणून पुटपुटलं. एकमेकांच्या मदतीला धावण्याच्या करारांचा विषय निघाला तेव्हा पाववाल्याने मान खाली घातली. मास्तरांना भरून आलं. रागाने का होईना, माणसं आली होती. "तुम्ही आलात, फार उपकार झाले," ते मनापासून म्हणाले.

शेवटी ट्राउटेबाईंनी हात वर केला. "पण हे थांबवता आलं असतं का हो, मास्तर?"

"आलं असतं की! दोन्हीकडे गोड बोलणाऱ्यांनी वेळीच एकदा खरं सांगितलं असतं, तर..." मास्तर अडखळले.

ट्राउटेबाई मधल्या वाटेपलीकडे वळल्या.

"एर्नाबाई," ट्राउटेबाई कधी नव्हे त्या मऊपणाने म्हणाल्या, "तुम्हालाही हे 'तुमच्याच बाजूने' म्हणाले होते?"

"अहो, दर नाताळला!"

बुधवारी सकाळी माती तशीच होती. मास्तर ती वरून खाली झाडत होते आणि दोघी कठड्याला टेकून, एकीच्याच किटलीतली कॉफी पीत, त्यांना राहिलेले कोपरे दाखवत होत्या.

"पुढच्या मंगळवारी याल ना?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"विषय काय?"

"तह."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "येऊ की. आधी तो डावा कोपरा घ्या."

"फार उपकार झाले," म्हणत मास्तर वाकले. इतक्या आनंदाने त्यांनी जन्मात कधी झाडलं नव्हतं.