पेरूला लागू पडलेलं औषध

झाडवाल्या बाईंना बोलवायचं नाही, हे मी ठरवलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरात नंतर त्याबद्दल बऱ्याच शंका घेतल्या गेल्या.

त्याचं असं झालं. आमच्या अंगणात पेरूचं एक झाड आहे. लग्न झालं त्या वर्षी सासरेबुवांनी स्वतः येऊन ते लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, मुलगी स्वतःला सांभाळेल. तुम्ही झाडाकडे बघा." (माणसं ओळखण्यात सासरेबुवा फक्त त्या एकदाच चुकले.) आता महिन्याभराने ते राहायला येणार होते आणि नेमकी त्याच वेळी झाडाची पानं पिवळी पडून टपाटप गळायला लागली होती.

"अहो, त्या झाडवाल्या बाईंना बोलवा ना," बायको म्हणाली. "चौकातल्या सगळ्यांची झाडं त्याच तपासतात, छाटतात. बाबांनी झाड असं पाहिलं तर त्यांना किती वाईट वाटेल!"

"अगं, त्यासाठी बाहेरचं माणूस कशाला? घरात मी आहे ना!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग गेल्या वर्षी मी दुरुस्त केलेल्या अंगणातल्या नळाकडे पाहिलं. मग त्या नळाखाली गळून गळून भरलेली बादली उचलली आणि मुकाट्याने झाडाला ओतून आत गेली.

मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. सोमवारी आल्या आल्या झाडाचा विषय काढला. हेडक्लार्क म्हणाले, "लोह कमी पडलंय. बुंध्याशी खिळे पुरा." टायपिस्ट बाई म्हणाल्या, "चहाचा चोथा घाला." शिपाई म्हणाला, "माया लागते साहेब झाडाला. रोज दोन शब्द बोला." आमच्या ऑफिसात पंखा चालू करायचा की बंद, यावर आजवर एकमत झालेलं नाही, पण माझ्या झाडावर सगळे तुटून पडले. मी कुणाचंच मन मोडलं नाही. पावशेर खिळे पुरले. अख्ख्या ऑफिसचा चोथा डब्यातून घरी नेला. झाडाला आधार वाटावा म्हणून बुंध्याभोवती गुडघाभर माती रचली. आणि रोज सकाळी एक बादली पाणी घालून प्रेमाने विचारू लागलो, "काय, कसं काय?"

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मजेत! तुमचं कसं?" मी दचकून दोन पावलं मागे सरलो. कुंपणापलीकडे शेजारचे काका दात घासत उभे होते.

दहा दिवसांत झाडावर पानांपेक्षा फांद्या जास्त दिसायला लागल्या. तेव्हा बायकोने मला न विचारता फोन केला.

झाडवाल्या बाई आल्या. डोक्यावर हेल्मेट, कमरेला दोर, पाठीला करवत. त्यांनी चिमूटभर माती उचलून हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाणी किती घालता?"

"एकच बादली. सकाळी," मी म्हणालो.

"सकाळी?" आई ओट्यावरून ओरडली. "अरे, मग मी दुपारी काय घालते? मला वाटलं, कुणी बघतच नाही बिचाऱ्याकडे!"

"आणि मी रोज संध्याकाळी नळाखालची बादली ओततेय," बायको म्हणाली.

"झाडाला पोहायला शिकवताय की काय!" बाई म्हणाल्या आणि खुरप्याने माती ओढू लागल्या. आधी चोथा निघाला, मग खिळे निघाले, मग आईच्या टॉनिकची बाटली निघाली. (तिचा खुलासा असा की, "मला लागू पडलं, म्हटलं त्यालाही पडेल.")

"अति तिथे माती म्हणतात, ते तुम्ही खरंच करून दाखवलंत," बाई म्हणाल्या. "मुळं गुदमरलीत त्याची. आता पाणी बंद, खत बंद, काही म्हणजे काही करायचं नाही. एक फांदी वाळलीय, तिच्यावर खडूने खूण केलीय. ती मी परवा येऊन दोर बांधून काढते. तोवर, साहेब, झाडाला हात लावू नका."

आता मला सांगा, एवढ्याशा फांदीसाठी त्या बाईंना पुन्हा हेलपाटा कशाला? माझा हेतू अगदी स्वच्छ होता. रविवारी आई आणि बायको आत आहेत असं बघून मी शिडी आणली. शिडी टेकवायला मजबूत जागा हवी म्हणून जवळात जवळची फांदी निवडली, वर चढलो, खडूची खूण शोधली आणि करवत चालवली. काम झकास चाललं होतं. आपण शिडी त्याच फांदीला टेकवलीय, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फांदी, शिडी आणि मी असे तिघे एकाच वेळी खाली निघालो होतो.

"अगं बाई!" आई धावत आली. "झाडाला लागलं का रे?"

झाडाला काही झालं नव्हतं. माझा घोटा मोडला होता. तीन आठवडे प्लास्टर आणि सक्त विश्रांती. मी खिडकीशी पडून झाडाकडे टक लावून बघायचो. बादलीचं नुसतं नाव काढलं तरी बायको, "अहो, पडून राहा!" म्हणून दटावायची. मला आपलं सारखं वाटायचं, आता कसलं जगतंय ते! सासरेबुवांना तोंड कसं दाखवू या विचाराने जेवण जायचं नाही.

आणि एका सकाळी शेंड्याला कोवळी पालवी दिसली. आठवड्याभरात झाड हिरवंगार झालं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सासरेबुवा आले, ते थेट अंगणात. दोन्ही हातांनी बुंधा चाचपला आणि मोठ्याने म्हणाले, "वा, जावईबापू! शब्द राखलात! काय केलंत तरी काय?"

मी कुबड्यांवर तोल सावरत, घसा खाकरून सुरुवात करणार, एवढ्यात फाटकातून झाडवाल्या बाई तपासणीला आल्या. पानं उलटसुलट करून त्या थक्क झाल्या. "गेल्या तीन आठवड्यांत नेमकं काय बदललं इथे?"

आई म्हणाली, "काही नाही हो. हा तेवढा पडून होता."

बाईंनी झाडाकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे पाहिलं. "प्लास्टर कधी निघणार?"

"उद्या!" मी आनंदाने म्हणालो.

सासरेबुवा हळूच सरकून माझ्या आणि झाडाच्या मधे उभे राहिले.

"डॉक्टरांना विचारून बघा," बाई बायकोला म्हणाल्या, "फळं धरेपर्यंत ठेवता येईल का."

मी हसलो. छान विनोद होता. पण हसणारा मी एकटाच होतो. बायको केव्हाच फोन करायला आत गेली होती.